एका वस्तूस एक नाव : अंकीय प्रकाशनाची परिभाषा आणि प्राथमिक शिक्षक



गोदावरीच्या काठी वसलेले पुणतांबा हे गाव योगी चांगदेवांच्या समाधिस्थानामुळे महाराष्ट्रास परिचित आहे. या गावाच्या नावात अक्षरे किती, असा प्रश्न दुसरीच्या वर्गात विचारला तर मुले बोटांवर मोजून 'चार' असे उत्तर देतील : पु, ण, तां, बा. हे उत्तर बरोबर आहे. वरच्या वर्गातील मुलांना याच शब्दाची फोड करावयास सांगितली, तर ती प्, उ, ण्, अ, त्, आ, अनुस्वार, ब्, आ असे नऊ वर्ण मांडतील. तेही बरोबर आहे. हाच शब्द संगणकावर लिहून त्याची लांबी संगणकासच विचारली, तर तो 'आठ' असे सांगेल. कारण त्याच्या लेखी प, उकार, ण, त, काना, अनुस्वार, ब आणि पुन्हा काना असे आठ घटक एकापुढे एक साठविलेले असतात. आणि या शब्दाने जागा किती व्यापली असे विचारले, तर आज सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीत दर घटकास तीन बाइट याप्रमाणे 'चोवीस' हा आकडा मिळेल.

शब्द एक, उत्तरे चार, आणि चारही खरी. मोजणीत कोणाचीच चूक नाही. 'अक्षर' या एकाच नावाने चार निरनिराळ्या वस्तू ओळखल्या जातात, हे या मतभेदाचे मूळ आहे. गप्पागोष्टींत याने काही बिघडत नाही. परंतु एखाद्या संगणकीय प्रपत्रात 'विद्यार्थ्याचे नाव वीस अक्षरांच्या आत लिहावे' अशी सूचना असली म्हणजे शिक्षक एका मापाने मोजतो आणि यंत्र दुसऱ्या मापाने. मुलीचे आडनाव मध्येच तुटते. तुटलेले नाव पटावरून गुणपत्रकावर जाते, गुणपत्रकावरून शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जाते, आणि पुढे ते दुरुस्त करून घेण्यासाठी तिच्या वडिलांना रोजगार बुडवून तालुक्याचे हेलपाटे घालावे लागतात. शब्दाच्या सैलपणाची किंमत ही अशी असते, आणि ती बहुधा ज्याचा काही दोष नाही त्यास द्यावी लागते.

अंकीय प्रकाशन, म्हणजे संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर वाचण्याजोग्या रूपात मजकूर सिद्ध करणे, हे काम आता मोठ्या शहरांतील प्रकाशकांपुरते राहिलेले नाही. शाळेचे हस्तलिखित मासिक, स्वाध्यायपत्रिका, प्रश्नपत्रिका, गावाच्या इतिहासाची पुस्तिका हे सर्व साहित्य गावोगावचे शिक्षक संगणकावर तयार करीत आहेत व एकमेकांस पाठवीत आहेत. हे काम ज्या नियमांवर चालते त्यांस तांत्रिक मानके म्हणतात. त्या मानकांची परिभाषा स्वच्छ असणे, आणि शाळेपर्यंत पोहोचताना ती गढूळ न होणे, हा येथील विषय आहे.

मानक म्हणजे काय, हे जुन्या पिढीला समजावून सांगावे लागत नसे. शेर, पायली, मण ही मापे गावागणिक कमीअधिक भरत, तो काळ तिने पाहिला होता. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून मेट्रिक मापे टप्प्याटप्प्याने प्रचारात आली. त्या सुमारास नावाविषयी घेतलेली एक खबरदारी फार बोधप्रद आहे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी सुरू झाली. त्यापूर्वी रुपयाचे चौसष्ट पैसे होत. आता शंभर होऊ लागले. दोन्ही नाणी काही काळ बाजारात एकत्र चालणार होती. दोन्हींना केवळ 'पैसा' म्हटले असते, तर प्रत्येक दुकानाच्या पायरीवर भांडण झाले असते. म्हणून नव्या नाण्यास 'नया पैसा' असे नाव दिले. जुने नाणे व्यवहारातून गेले, संशयाचे कारण उरले नाही, तेव्हा १ जून १९६४ पासून 'नया' हा शब्द गाळून टाकण्यात आला. ज्या नावाने दोन वस्तूंचा बोध होतो, तेथे विशेषण जोडावे. संशय फिटला की ते काढून टाकावे. परिभाषेचे अर्धे शास्त्र या एका उदाहरणात आले आहे.

आता संगणकावरील मराठी लेखनाकडे वळावे. येथे सहा वस्तू एकमेकींत मिसळलेल्या आढळतात, त्या प्रथम वेगळ्या केल्या पाहिजेत. तोंडाने उच्चारला जातो तो वर्ण. डोळ्यांना एकत्र दिसते व मूल एका दमात वाचते ते अक्षर, जसे 'तां'. संगणक प्रत्यक्ष साठवितो तो घटक, आणि त्या घटकास दिलेला क्रमांक म्हणजे संकेतांक. पडद्यावर किंवा कागदावर उमटते ती आकृती. एका वळणाच्या अशा सर्व आकृतींचा संच म्हणजे फॉन्ट. आणि ज्याच्यावर बोटे चालवून हे घटक आत घातले जातात तो कळफलक. अडचण अशी की, बोलताना या सहांपैकी चारांना 'अक्षर' म्हटले जाते आणि उरलेल्या दोहोंना 'युनिकोड'.

हा दोष केवळ मराठीचा नाही. युनिकोड ही जगातील लिप्यांच्या घटकांना संकेतांक देणारी व्यवस्था होय; तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. तिच्या स्वतःच्या शब्दार्थसूचीत 'कॅरॅक्टर' या एका इंग्रजी शब्दाचे चार अर्थ नोंदलेले आहेत. तथापि तेथे ते चार अर्थ क्रमांक घालून वेगळे मांडले आहेत, हे ध्यानात घ्यावे. एका शब्दाचे अनेक अर्थ असणे पुष्कळदा टाळता येत नाही. कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे न सांगणे मात्र टाळता येते.

आकृती आणि घटक यांतील भेद जुन्या छापखान्यातील जुळाऱ्यास शिकवावा लागला नसता. त्याच्या पेटीत 'क' हे एक अक्षर असले, तरी त्याचे खिळे अनेक असत : पूर्ण क, अर्धा क, जोडाक्षरातील क. अक्षर एक आणि खिळे अनेक, हे त्यास हाताच्या सवयीने ठाऊक होते. संगणकातील आकृती म्हणजे तो खिळा, फॉन्ट म्हणजे ती खिळ्यांची पेटी, आणि घटक म्हणजे मूळ अक्षराची ओळख. पेटी बदलली म्हणून अक्षराची ओळख बदलत नाही.

याची प्रचीती महाराष्ट्र शासनाच्या दोन निर्णयांत येते. देवनागरी लिपी व मराठी वर्णमाला यांच्या प्रमाणीकरणाविषयी ६ नोव्हेंबर २००९ रोजी एक निर्णय झाला, आणि १० नोव्हेंबर २०२२ रोजी नवा निर्णय झाला. 'ल' आणि 'श' यांच्या लेखनाकृती कशा असाव्यात, हा त्यांतील एक विषय होता. वर्गात मुलांना अक्षर गिरवावयास देणाऱ्या शिक्षकास हा प्रश्न महत्त्वाचा आहे. परंतु युनिकोडच्या सारणीत 'ल' चा संकेतांक ०९३२ आणि 'श' चा ०९३६ हा होता तसाच आहे. म्हणजे जे पुस्तक युनिकोडमध्ये साठविलेले आहे त्याचे एक अक्षरही पुन्हा लिहावे लागत नाही. प्रमाण आकृती असलेला फॉन्ट लावला की काम झाले. आकृती आणि घटक यांस एकच नाव देणारा मनुष्य मात्र सबंध पुस्तक पुन्हा टंकलिखित करावयास बसेल.

याच्या उलट प्रकार जुन्या फॉन्टांचा. युनिकोड रुळण्यापूर्वी देवनागरीचे जे फॉन्ट प्रचारात आले, त्यांतील कित्येकांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृती बसविल्या होत्या. कृतिदेव या फॉन्टात 'कमल' हे नाव लिहिले, म्हणजे संगणकात डी, ई, वाय ही तीन रोमन अक्षरे साठविली जातात. पडद्यावर तेवढे 'कमल' दिसते. तो फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर तीच फाईल उघडली की कमल नाहीशी होते आणि रोमन अक्षरे उघडी पडतात. तेथे आकृती मराठी होती, पण घटक मराठी नव्हते. अशा फाईलीत 'कमल' हे नाव शोधू गेल्यास संगणकास ते सापडत नाही, आणि नावांची यादी अकारविल्हे लावावयास सांगितल्यास ती भलत्याच क्रमाने लागते.

अशा स्थितीत 'माहिती युनिकोड फॉन्टमध्ये पाठवावी' अशी सूचना निघाली, तर तिचा अर्थ तीन प्रकारे लागतो. कोणी समजतो की, मंगल नावाचा एक विशिष्ट फॉन्टच वापरावयाचा आहे. कोणी समजतो की, एक विशिष्ट कळफलक हवा. कोणी जुन्या फॉन्टातील मजकुरावर मंगल हे नाव निवडतो आणि पडद्यावर रोमन अक्षरे पाहून हताश होतो. वास्तविक सूचना देणाऱ्यास एवढेच म्हणावयाचे असते : 'मजकूर युनिकोड संकेतांकांत साठविलेला असावा, फॉन्ट व कळफलक कोणतेही चालतील.' या वाक्यात पाचसात शब्द अधिक आहेत, पण त्याने शेकडो शिक्षकांचे श्रम वाचतात.

मानकांतील नावेही कधीकधी भ्रम उत्पन्न करतात. ज्या चिन्हाने अक्षराचा पाय मोडतो, त्यास युनिकोडमध्ये 'विराम' असे अधिकृत नाव आहे. संस्कृत व्याकरणात त्यास आधार आहे. परंतु मराठी शाळेत विरामचिन्हे म्हणजे स्वल्पविराम, अर्धविराम आणि पूर्णविराम. संगणकाच्या माहितीत 'विराम चिन्ह घालावे' असे वाचून शिक्षकाने टिंब दिले, तर त्यास दोष कसा द्यावा? युनिकोडच्या सारणीत त्या नावाखाली 'हलन्त' हा प्रचलित शब्दही नोंदवून ठेवलेला आहे. मराठीत समजावून सांगताना तोच वापरणे श्रेयस्कर.

मग मूळ नावच का बदलत नाहीत, असा प्रश्न येईल. एकदा घटकास दिलेले अधिकृत नाव पुढे बदलावयाचे नाही, असा युनिकोडचा नियम आहे. कारण जगभरातील संगणकीय आज्ञावल्या त्या नावांवर विसंबून असतात. हा नियम इतका कडक आहे की, एका कंसचिन्हाच्या नावात 'ब्रॅकेट' या शब्दातील दोन रोमन अक्षरांची उलटापालट झाली, ती चूक सर्वांच्या लक्षात आली, तरी ते अशुद्ध नाव तसेच राहिले आणि शुद्ध रूप केवळ उपनाव म्हणून जोडण्यात आले. मानकात नाव घालताना जो विचार करावयाचा तो आधीच करावा लागतो, याचे याहून ठळक उदाहरण शोधूनही मिळणार नाही.

मराठीच्या खास गरजेचे एक उदाहरण येथे देणे अवश्य आहे. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' हे शब्द ऐकावयास जवळचे, पण अर्थाने दूरचे. पहिल्यात गुरूचा बोध होतो, दुसऱ्यात स्वयंपाक्याचा. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. दुसऱ्या रूपातील आडवी रेघ संगणकात उमटविण्यासाठी नेहमीच्या 'र' ऐवजी नुक्तायुक्त 'ऱ' हा घटक योजावा लागतो. युनिकोडच्या सारणीत हे अक्षर मुख्यतः द्राविड भाषांतील एका उच्चाराच्या लिप्यंतरासाठी म्हणून नोंदले आहे. त्याच्या अर्ध्या रूपाचा मराठीतील उपयोग तळटिपेवरून कळतो. नाव वाचून मराठी शिक्षकास तो घटक आपला वाटणार नाही. अशा ठिकाणी 'दऱ्यातील र' असे उदाहरणाने सांगितले, तर मूलही चुकणार नाही. नाव अडते तेथे उदाहरण चालते.

आता पुस्तकांच्या मानकाकडे पाहू जाता तेथेही हाच अनुभव येतो. ईपब हे अंकीय पुस्तकाचे जगन्मान्य स्वरूप आहे. त्याची ३.३ ही आवृत्ती वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने २५ मे २०२३ रोजी शिफारशीच्या रूपाने प्रसिद्ध केली. तीत 'स्पाइन' हा शब्द येतो. छापील पुस्तकात स्पाइन म्हणजे बांधणीची बाजू, जिच्यावरील नाव कपाटात उभे ठेवलेले पुस्तक ओळखण्यास उपयोगी पडते. ईपबमध्ये मात्र त्याचा अर्थ प्रकरणांचा वाचनक्रम असा आहे. 'कणा' असे शब्दशः भाषांतर करून वाचणाऱ्यास काहीच कळणार नाही. 'वाचनक्रम' म्हटले की सर्व कळते. त्याच मानकात 'फॉरिन' आणि 'रिमोट' ही दोन विशेषणे आहेत. पहिले ऐकून वाटते, ही वस्तू बाहेरची. तसे नाही. ज्या प्रकारच्या फाईली प्रत्येक वाचनयंत्रास उघडता येतील अशी खात्री नाही, त्यांस फॉरिन म्हटले आहे, मग ती फाईल पुस्तकाच्या आत का असेना. प्रत्यक्ष बाहेर ठेवलेल्या वस्तूस रिमोट म्हणतात. 'हमी नसलेली फाईल' आणि 'बाहेर ठेवलेली फाईल' असे साध्या मराठीत म्हटल्यास गोंधळास जागाच उरत नाही.

पान हा शब्द तर प्रत्येक शिक्षकाच्या तोंडी रोज असतो. छपाईच्या काटेकोर भाषेत एका पानास दोन पृष्ठे असतात; व्यवहारात मात्र पृष्ठालाच पान म्हणतात, आणि कागदाच्या पुस्तकात त्याने अडत नाही. ईपबमध्ये मजकूर पडद्याच्या आकाराप्रमाणे वाहतो. टाइप मोठा केला की पडदे वाढतात, लहान केला की कमी होतात. शिक्षकाने 'बत्तिसावे पान उघडा' म्हटले तर चार मुलांच्या हातांतील चार यंत्रांवर चार वेगळे उतारे उघडतील. पीडीएफ स्वरूपातील पुस्तकात पृष्ठे स्थिर असतात, तरी मुखपृष्ठ व प्रस्तावना धरून यंत्राने दाखविलेला क्रमांक आणि पृष्ठावर छापलेला क्रमांक यांत अंतर पडते. म्हणून ईपबमध्ये छापील पृष्ठांची सूची जोडण्याची सोय ठेवलेली आहे. ज्या पुस्तकात ती नसेल, तेथे पाठाचे नाव व परिच्छेदाचा क्रमांक सांगणे हाच सुरक्षित मार्ग होय.

परिभाषेचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो परिपत्रके वाचणाऱ्या व पाळणाऱ्या वर्गास सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. तो म्हणजे बंधनाचे शब्द. इंटरनेटचे तांत्रिक नियम लिहिणाऱ्यांनी मार्च १९९७ मध्ये क्रमांक २११९ची एक लहानशी पत्रिका काढली. 'मस्ट', 'शुड' आणि 'मे' या इंग्रजी क्रियापदांचे अर्थ तीत बांधून दिले. पहिल्याचा अर्थ, हे केलेच पाहिजे. दुसऱ्याचा अर्थ, सबळ कारण नसेल तर हे करावे, आणि न केल्यास परिणामांचा पुरता विचार करून मगच सोडावे. तिसऱ्याचा अर्थ, हे इच्छेवर आहे. ईपबचे मानकही हेच अर्थ धरून लिहिलेले आहे. तरीही घोटाळा उरला. कारण तेच शब्द लेखक साध्या बोलण्याच्या अर्थानेही वापरीत. अखेर मे २०१७ मध्ये खुलासा करावा लागला की, हे शब्द मोठ्या रोमन अक्षरांत लिहिले असतील तेव्हाच त्यांस तो बांधीव अर्थ आहे.

देवनागरीत मोठी आणि लहान अशी दोन प्रकारची अक्षरे नाहीत, त्यामुळे ही युक्ती मराठीस उपयोगी नाही. मराठीत 'करावे' हे एकच रूप आज्ञा, विनंती, उपदेश आणि सवलत या चारही अर्थांनी चालते. 'मुलांनी रोज दात घासावेत', 'अहवाल पाच तारखेपर्यंत सादर करावा', 'वाटल्यास चित्रे जोडावीत' या तिन्ही वाक्यांत क्रियापदाचे रूप तेच आहे, पण बंधन निरनिराळे आहे. म्हणून नियम लिहिताना मराठीस शब्दच वेगळे निवडले पाहिजेत : सक्ती असेल तेथे 'बंधनकारक आहे', शिफारस असेल तेथे 'करणे इष्ट', मोकळीक असेल तेथे 'करता येईल'. हे तीन शब्दप्रयोग ठरवून घ्यावेत व लेखभर त्यांत फेरफार करू नये.

पुणतांब्याच्या चांगदेवांविषयी परंपरेने सांगितली जाणारी कथा येथे आठवल्यावाचून राहत नाही. ज्ञानेश्वरांची कीर्ती ऐकून त्यांनी पत्र लिहावयास घेतले. परंतु वयाने लहान म्हणून 'चिरंजीव' लिहावे, की ज्ञानाने थोर म्हणून 'तीर्थरूप' लिहावे, याचा निर्णय होईना. शेवटी त्यांनी कोरा कागद पाठविला. त्या कोऱ्या कागदास उत्तर म्हणून पासष्ट ओव्या आल्या, आणि त्या 'चांगदेव पासष्टी' या नावाने प्रसिद्ध आहेत. योग्य संज्ञा न सापडल्यास लेखणी कशी थबकते, हे या कथेत दिसते. मात्र कोऱ्या कागदाचा आशय ओळखणारा वाचक ज्ञानेश्वरांसारखाच असावा लागतो. संगणक तसा वाचक नाही. त्यास जे लिहिले तेवढेच कळते, आणि जे संदिग्ध लिहिले ते चुकीचे कळते.

मग शब्द कोणते घ्यावेत, संस्कृतोद्भव की इंग्रजी, हा वाद मराठीत जुनाच आहे. शिवछत्रपतींच्या प्रेरणेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यात आले. संयुक्त महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले आणि त्याने निरनिराळ्या शास्त्रांचे परिभाषाकोश सिद्ध केले. मराठी विश्वकोशाच्या इतिहासातील क्रम तर विशेष मननीय आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालील त्या ग्रंथाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. परंतु परिभाषासंग्रहाचा खंड, ज्याचा क्रमांक अठरावा आहे, तो १९७३ सालीच प्रसिद्ध झाला होता. आधी शब्द निश्चित केले, मग लेख छापले. पाया घालून भिंत उभारण्याची ही रीत होय.

शब्दाच्या कुळाहून त्याचे स्थैर्य अधिक मोलाचे आहे. 'फॉन्ट' हा शब्द परका असला तरी त्याने एकाच वस्तूचा बोध होतो. 'टंक' म्हटल्यास टंकलेखन आठवून मन दोहोंकडे जाते. उलट 'वाचनक्रम' हा मराठी शब्द 'स्पाइन' पेक्षा स्वच्छ आहे. 'अंकीय' हा शब्द रूढ होत आहे, परंतु मराठीत अंक म्हणजे आकडा, अंक म्हणजे नाटकाचा भाग आणि अंक म्हणजे मासिकाचा एक खेप प्रसिद्ध होणारा भागही. तेव्हा 'अंकाची अंकीय प्रत' असे लिहिण्यापेक्षा 'मासिकाची ईपब प्रत' असे लिहावे. जेथे मराठी शब्द निःसंदिग्ध आहे तेथे तो घ्यावा, जेथे रुळलेला परका शब्द निःसंदिग्ध आहे तेथे तो घ्यावा, आणि एकदा घेतल्यावर सोडू नये.

येथे भाषाशिक्षकाच्या मनात एक शंका उद्भवणे साहजिक आहे. निबंध शिकविताना तोच तो शब्द पुन्हा योजू नये, पर्यायी शब्द वापरावेत, असे मुलांना सांगितले जाते. निबंधापुरते ते योग्यच आहे. कवी पाण्यास जल म्हणेल, नीर म्हणेल, तोय म्हणेल. त्यात शोभा आहे. परंतु औषधाच्या बाटलीवर, रेल्वेच्या वेळापत्रकात आणि मानकाच्या कलमात पर्यायी शब्द घातक ठरतो. पहिल्या कलमात 'फाईल', दुसऱ्यात 'दस्तऐवज' आणि तिसऱ्यात 'संचिका' असे लिहिले, की वाचणारा तीन वस्तू शोधू लागतो. लेखनाचे हे दोन धर्म मुलांना वेगवेगळे शिकवावेत.

गावाच्या नावाचेही तसेच आहे. पुणतांबा, पुणतांबे आणि पुणताम्बा ही तिन्ही रूपे वाचणाऱ्या माणसास एकच वाटतात. संगणकास ती तीन गावे वाटतात. शाळेच्या नोंदींत एक रूप ठरवून तेच सर्वत्र ठेवले नाही, तर एकाच आळीतील मुले तीन याद्यांत विभागली जातील.

या सर्वांत अधिक हानी कोणाची होते, याचा विचार करून शिक्षकाने आपले काम ठरवावे. ज्यास दिसते तो मनुष्य तुटके अक्षरही अंदाजाने वाचतो. जे मूल डोळ्यांनी पाहू शकत नाही, ते संगणकाने मोठ्याने वाचून दाखविलेल्या मजकुरावर अवलंबून असते. संगणक आकृती वाचीत नाही, साठविलेले घटक वाचतो. जुन्या फॉन्टातील 'कमल' त्यास मराठी नाव म्हणून वाचताच येत नाही. छापील पृष्ठाचे केवळ छायाचित्र असलेली पीडीएफ त्यास रिकाम्या भिंतीसारखी असते, मग तिच्यावर 'डिजिटल पुस्तक' असे कितीही ठळक लिहिलेले असो. दृष्टिहीनांसाठी पुस्तके सुलभ रूपात मिळावीत म्हणून २०१३ साली माराकेश येथे आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि त्यास २०१४ साली अनुसमर्थन देणारा भारत हा पहिला देश ठरला. त्या कराराचे फळ वाडीवस्तीवरील मुलापर्यंत पोहोचावयाचे, तर 'मजकूर' आणि 'मजकुराचे चित्र' या दोन वस्तूंना दोन नावांनी ओळखणारा शिक्षक तेथे असला पाहिजे.

यासाठी पुढील गोष्टी प्रत्येक शाळेस सहज करता येतील.

१. शाळेतून पाठविल्या जाणाऱ्या प्रत्येक फाईलीत मजकूर युनिकोड संकेतांकांत आहे की नाही, हे एक शब्द शोधून पाहावे. मराठी कळफलकाने लिहिलेला शब्द सापडला तर मजकूर ठीक आहे. न सापडल्यास तो जुन्या फॉन्टात आहे, किंवा चित्राच्या रूपात आहे असे समजावे.

२. मुलांची, पालकांची व गावांची नावे एकाच रूपात लिहिण्यासाठी शाळेत एक नाववही ठेवावी, आणि प्रवेशाच्या वेळी पालकांना ते रूप दाखवून खात्री करून घ्यावी.

३. सूचना लिहिताना वर्ण, अक्षर, घटक, आकृती, फॉन्ट व कळफलक या सहा शब्दांपैकी नेमका कोणता अभिप्रेत आहे ते ठरवून तोच लिहावा. लांबीची मर्यादा सांगावयाची असल्यास एक नमुना नाव मोजून दाखवावे.

४. सक्ती, शिफारस आणि मोकळीक यांसाठी तीन ठराविक शब्दप्रयोग वापरावेत. वरून आलेल्या सूचनेत बंधन स्पष्ट नसेल, तर तर्क न लढविता लेखी खुलासा मागावा. खुलासा मागणे हा उद्धटपणा नव्हे. त्याने पुढील शाळांचेही काम सोपे होते.

५. वरच्या वर्गांत परिसरातील दहा नावे घेऊन अक्षरे, वर्ण आणि संगणकीय घटक मोजण्याचा पाठ घ्यावा. व्याकरण, गणित आणि संगणक हे तीन विषय त्यात एकत्र येतात, आणि मुलांना तो खेळासारखा वाटतो.

मोठी मानके दूरच्या समित्यांत लिहिली जातात आणि त्यांतील शब्द बदलणे गावच्या शिक्षकाच्या हाती नसते, हे खरे. परंतु शब्दाचा अर्थ ज्या घटकेस मुलाच्या मनात प्रथम ठसतो, ती घटका शिक्षकाच्याच हाती असते. 'म्हणजे नेमके काय?' असे निर्भयपणे विचारण्याची सवय ज्या मुलांना चौथीत लागली, त्यांतीलच कोणी पुढे मानके लिहावयास बसेल. त्यावेळी मराठीस लागणारी नावे आधीपासून नीट ठरलेली असतील, आणि ती नावे खेड्यातील वर्गात पारखून घेतलेली असतील.